थंडीतला तंबू आतून का भिजतो?

प्रश्न : जानेवारीत आम्ही चौघांनी भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत मुक्काम केला. थंडी लागू नये म्हणून सगळ्या चेन आणि झडपा घट्ट लावून झोपलो. पाऊस नसतानाही पहाटे छतावरून थेंब टपकत होते आणि स्लीपिंग बॅग पायाकडे भिजली होती. तंबू सदोष आहे का? येत्या हिवाळ्यात उत्तराखंडात केदारकंठाला जाण्याचा विचार आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तंबू गळत नाही, ते पाणी आपल्याच श्वासाचे आणि घामाचे आहे. चार माणसांच्या शरीरांतून रात्रभरात बाहेर पडणारे बाष्प सहज लिटरभर पाण्याइतके भरू शकते. 20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावते, 5 अंशांना मात्र जेमतेम 7 ग्रॅम. त्यामुळे आतली उबदार हवा गार कापडाला लागली की जास्तीचे बाष्प तिथेच थेंबांच्या रूपाने जमते. निरभ्र रात्री तर हे कापड भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि पाण्याकाठची हवा मुळातच दमट असते.

म्हणून माझा पहिला आग्रह झडपा उघड्या ठेवण्याचा आहे, आणि नेमका तोच अनेकांना पटत नाही. ऊब राखण्याचे काम स्लीपिंग बॅगचे, खालच्या मॅटचे आणि कोरड्या मोज्यांचे आहे. तंबूने वारा आणि दव अडवले की पुरे. वरची झडप पूर्ण उघडावी, दाराची चेन वरून चार बोटे खाली ठेवावी आणि बाहेरच्या आवरणाच्या दोऱ्या इतक्या ताणाव्यात की ते आतल्या कापडाला कुठेही टेकणार नाही. पायाकडची बॅग बहुधा ओल्या कापडाला टेकूनच भिजली असावी. जागा पाण्यापासून दूर, थोड्या उंचावर निवडावी. नाक-तोंड बॅगेत खुपसून झोपू नये, त्यापेक्षा कानटोपी घालावी. तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नये : 100 ग्रॅम ब्युटेन जळताना सुमारे 150 ग्रॅम पाणी तयार होते, आणि त्याहून कितीतरी गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

केदारकंठाला हिवाळ्यात पारा शून्याखाली जात असल्याने हेच बाष्प आतल्या कापडावर हिमकणांच्या रूपात गोठेल. ऊन पडण्यापूर्वीच ते कोरड्या पंच्याने झटकून बाहेर टाकावे, कारण वितळून बॅगेवर पडले तर आतली पिसे गोळा होतात आणि ऊब जाते. दुपारच्या मुक्कामी बॅग उलटी करून उन्हात पसरावी.