एसी २४ वर, तरी बिअरला नेलपेंट रिमूव्हरचा वास

तुमचा प्रश्न असा: कोथरूडचा फ्लॅट, एसी २४ वर, घरी केलेली २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर), यूएस-०५ हे बिअरचं यीस्ट २९ अंशांच्या वर्टमध्ये (माल्टच्या न आंबलेल्या गोड पाण्यात) टाकलेलं, आणि आता केळं अधिक नेलपेंट रिमूव्हर असा वास; यीस्ट बदलू का? यीस्ट बदलायची गरज नाही. २४ हा खोलीचा आकडा आहे, बिअरचा नव्हे. (परवान्याशिवाय घरी मद्य करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे विचारलं नसलंत तरी माहीत असू द्या.)

ओजी (आंबण्याआधी पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता) १.०४८ असेल तर २० लिटर आंबताना निघणारी सगळी उष्णता आतच कोंडली, तर वर्ट दहा-अकरा अंशांनी तापेल. बरीचशी बाहेर जाते, तरी ऐन फसफसण्याच्या वेळी आत खोलीपेक्षा ३ ते ५ अंश जास्त असतातच. एस्टर (केळ्याचा, रिमूव्हरचा वास देणारी द्रव्यं) आणि घसा जाळणारे जड अल्कोहोल तयार होतात ते यीस्ट वाढताना, पहिल्या ४८ ते ७२ तासांत. चौथ्या दिवशी बर्फ लावून उपयोग नाही.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तिशीच्या पुढे, मग चिलरमधून (उकळलेलं वर्ट गार करायच्या नळीतून) कितीही फिरवा, वर्ट त्याखाली उतरणार कसं? झाकण लावून फर्मेंटर (आंबवायचं भांडं) रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, १८ ला आलं की मग यीस्ट. स्वच्छता चोख असेल तर दहा-बारा तासांनी काही बिघडत नाही.

त्यासाठी एकदाराचा जुना १९० लिटरचा फ्रिज आणि तापमान बघून तो चालू-बंद करणारा एसटीसी-१००० कंट्रोलर पुरे. बहुतेकांची चूक प्रोबमध्ये (कंट्रोलरच्या तापमान मोजणाऱ्या टोकात) होते: तो हवेत लोंबकळत ठेवतात. हवा दोन मिनिटांत गार, कॉम्प्रेसर बंद, बिअर मात्र २३ वर. प्रोब फर्मेंटरच्या अंगाला, वर्टच्या निम्म्या उंचीवर टेकवा, वर थर्मोकोलचा जाड तुकडा, आणि टेप घट्ट. सेटिंग १८, फरक ०.५, कॉम्प्रेसर डिले ५ मिनिटं; फ्रिजचा स्वतःचा नॉब सर्वांत थंडवर. फ्रिजच्या वायरीतली फेज तेवढी कंट्रोलरच्या रिलेतून (आतल्या स्विचमधून) न्या, अर्थिंग तोडू नका. जागा करायला फ्रीझरचा डबा वाकवाल तर गॅसची नळी फुटेल.

चार दिवस १८, मग रोज एक अंश वाढवत २१, तिथे तीन दिवस. नाहीतर बटरस्कॉचसारखी डायसेटिलची चव राहते. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली तर दार उघडून बघत बसू नका, २० लिटर तीन-चार तासांत फारसे तापत नाहीत.

फ्रिज नसेल तर टबात पाणी, फर्मेंटरला ओला पंचा आणि समोर पंखा. तत्त्व माठाचंच, म्हणून एप्रिलच्या कोरड्या हवेत चालतं आणि जुलैत माठासारखंच रुसतं. तेव्हा गोठवलेल्या बाटल्या: फर्मेंटर आणि टब मिळून ४० लिटर धरले, तर एक लिटर बर्फ त्यांना साधारण अडीच अंश उतरवतो. हेही जमणार नसेल तर व्हॉस क्वाइक यीस्ट घ्या, त्याला ३५ अंशच मानवतात.

आत्ताची बॅच महिनाभर बाटलीत मुरवूनही रिमूव्हरचा वास जाणार नाही. ओतून टाका, निदान बाटल्या मोकळ्या होतील.