अमेरिकेत कॉलेज फुटबॉल आणि एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) खेळण्यात नेमका फरक काय?

सगळ्यात मोठा फरक चुकीला मिळणाऱ्या माफीचा: कॉलेजात समोरचा प्रत्येक जण तुमच्या तोडीचा नसतो, एनएफएलच्या 32 संघांत मात्र गाळून उरलेलेच असतात. दोन्हींची नियमपुस्तकं शेजारी ठेवून पाहा. साइडलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या सीमारेषेजवळ, झेल घेताना कॉलेजात एक पाय आत टेकला तरी पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. त्या दुसऱ्या पायाची बोटं गवतावर घासत आत ठेवणं रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला) नव्याने शिकावं लागतं. कॉलेजात चेंडू घेऊन पळणाऱ्याचा घसरून गुडघा टेकला की चाल संपली. एनएफएलमध्ये कुणी शिवलं नसेल तर उठून पळा! शिवाय नियमित हंगामात 12 ऐवजी 17 सामने, शरीराचा अगदी पिट्टा पडतो. पैशाचं जुनं गणित मात्र बदललंय: 2021 पासून कॉलेजचे खेळाडूही जाहिरातींतून कमावू शकतात.