पोरीला घोड्यांच्या तबेल्यात कामाला पाठवू का? एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, नमस्कार. चिकोडीहून तुम्ही लिहिलंय की मुलगी 19 वर्षांची, बारावी झालीय, दोन्ही कानांना मशीन आहे, आणि काकांच्या शर्यतीच्या घोड्यामागं लहानपणापासून असते. आता पुण्यात रेसच्या तबेल्यात सईसाच्या, म्हणजे घोड्यांची देखभाल करायच्या कामाला घेतो म्हणतायत, पण घरचे म्हणतात हे पोरीचं काम नव्हे, त्यात ऐकू येत नाही, लाथ बसली तर?

लाथेची भीती खरी आहे ताई, चार-पाचशे किलोचं जनावर आहे ते. पण घोडा चिडला की कान मागं टाकतो, शेपूट आपटतो, हे डोळ्यांनीच ओळखायचं असतं आणि तुमची पोर ते रोज बघतेय की. खरा धोका वेगळा आहे, मागनं घोडा सुटला आणि कुणी "बाजूला हो" म्हणून ओरडलं तर तिला कळणार कसं? म्हणून तबेला बघायला तुम्ही स्वतः जा, आणि पहाटे जा, कारण खरं काम पहाटे अंधारातच सुरू होतं. बोळात नीट उजेड आहे का बघा, अंधारात तिला ना खुणा दिसणार ना ओठ. सुरुवातीला जोडीला जुना माणूस देणार का, हातवाऱ्यांच्या खुणा सगळ्यांनी मिळून ठरवणार का, हे तिच्यासमोरच विचारा. आणि हेल्मेट मशीन लावूनच घालून बघायचं, कानामागं दाबलं तर शिट्टी वाजते आणि पोरं मशीन काढून ठेवतात, तसं होता कामा नये.

काकांकडं तिला सवय असेलच, तरी परत सांगा, एकदम मागनं जवळ जायचं नाही, तिथलं घोड्याला दिसत नाही, खांद्याकडनं बोलत जायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही. पायात चपला घालून खरारा (घोड्याचं अंग ब्रशनं घासणं) तर अजिबात नको.

आता पोरीचं काम नव्हे म्हणणाऱ्यांचं. काम पोरीचंच आहे, प्रश्न जागेचा आहे. मुलींना वेगळी खोली, आतनं कडी, संडास-बाथरूम आहे का? पुण्याचा सीझन संपला की घोडे मुंबईला जातात, माणसंही जातात, तर तिथं राहायची सोय काय, हे बहुतेक आईवडील विचारायचंच विसरतात. 10 किंवा जास्त माणसं कामाला असली तर 2013 च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, त्यात कोण आहे ते नावानिशी विचारा. त्याहून कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार 3 महिन्यांच्या आत लेखी द्यायची. हे विचारल्यावर मालकाचं तोंड वाकडं झालं तर तिथनंच परत या, दुसरा तबेला मिळेल.

दिव्यांगांना कामावर भेदभाव करायचा नाही असं 2016 चा कायदा सांगतो, त्यामुळं ऐकू येत नाही म्हणून त्याच कामाला पगार कमी, हे मान्य करू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आत्ताच अर्ज करा. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे का, अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, ते त्यात लिहून घ्या.

आणि एक, तिला मराठी-कन्नड दोन्ही येतं, म्हणजे पुण्यात नाही जमलं तर बेंगळुरूलाही रेसचे तबेले आहेत, तिथं कन्नड उपयोगी पडेल. एखादं वर्ष सईसाचं काम करून मग नालबंदी, म्हणजे घोड्याला नाल ठोकायचं काम, शिकायची का ते तिलाच ठरवू दे. जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं द्या, तबेल्यात खिळा, नाल लागणं नेहमीचंच असतं.