‘डूम पट्रोल’मधील क्रेझी जेनची कथा वाचून निराशा झाली, माझे वाचनच उणे पडले का?

चौसष्ट व्यक्तिमत्त्वे असलेल्या मुलीची गोष्ट म्हणून आपण ‘डूम पट्रोल’ या अमेरिकन सुपरहिरो-कॉमिकचे खंड वाचायला घेतलेत आणि हाती विक्षिप्त नावांची जंत्री तेवढी लागली, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते आपली निराशा रास्त आहे, फक्त ती सगळ्या कथेला सारखी लागू होत नाही.

ग्रँट मॉरिसन यांचे लेखन आणि मुख्यतः रिचर्ड केस यांची चित्रे असलेली ही कथा १९८९ पासून मासिक अंकांतून आली. खंड नंतर निघाले. जेन, म्हणजे मूळची के चॅलिस, हे पात्र ट्रुडी चेस या अमेरिकन स्त्रीच्या १९८७ मधील आत्मकथनावरून सुचलेले आहे. बहुव्यक्तिमत्त्व विकाराला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत १९८० मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले होते आणि त्याचे मूळ बालपणीच्या असह्य अत्याचारांत शोधण्याची दृष्टी त्या काळी प्रबळ होती. या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक व्यक्तिमत्त्व कशासाठी तरी जन्माला येते: एक मार सोसते, दुसरे राग सांभाळते, तिसरे काही घडलेच नाही अशा थाटात दिवस रेटते.

कथेची गफलत नेमकी इथे होते. एका बॉम्बच्या परिणामामुळे जेनच्या प्रत्येक व्यक्तिमत्त्वाला वेगळी अद्भुत शक्ती मिळते, आणि मग ते कोणते दुःख वाहते यापेक्षा ते लढाईत काय कामाला येते हेच महत्त्वाचे ठरते. क्षणात दुसरीकडे पोहोचायचे असेल तर फ्लिट, आगीचे गोळे फेकायचे असतील तर सन डॅडी. कारागिराने पेटीतून हवे ते हत्यार काढावे तशी ही माणसे बाहेर काढली जातात. बाकीची बरीचशी नावापुरतीच राहतात. मला अधिक खटकते ते चित्रमाध्यमाचे वाया जाणे. या विकारात मधले तासच्या तास स्मरणातून गळून पडतात, आणि दोन चौकटींमधली कोरी जागा हा तर कॉमिकचा प्राणच आहे. ती हरवलेली वेळ वाचकालाही हरवल्यासारखी वाटावी, असा प्रयत्न इथे फारसा दिसत नाही. बदल झाला की बहुधा पात्रच तसे सांगून मोकळे होते.

याला ठळक अपवाद १९९० मधील ३० व्या अंकाचा. त्यात धातूच्या शरीरात मानवी मेंदू असलेला क्लिफ स्टील जेनच्या मनात उतरतो. ते मन भुयारी रेल्वेच्या जाळ्यासारखे रचलेले आहे, आणि सगळ्यांत खाली एक विहीर आहे. इथे व्यक्तिमत्त्वांना जागा मिळते, त्यांच्यातले अंतर दिसते आणि तिच्यावर अत्याचार करणाऱ्या बापाची दहशत कोणी भाषण न करताही कळते. मॉरिसन यांच्या शेवटच्या, ६३ व्या अंकात जेन साध्यासुध्या जगातल्या रुग्णालयात असते. तिची अद्भुत दुनिया तिथे भ्रम मानली जाते आणि तिला विजेचे झटके दिले जातात. शक्तींचा सगळा दिमाख बाजूला झाल्यामुळे ती मुलगी तिथे प्रथमच पुरती दिसते.

खंड मिटवून ठेवण्यापूर्वी हे दोन अंक लागोपाठ वाचून पाहावेत. पॅरिस गिळणारे चित्र आणि तशाच इतर करामतींची मौज वेगळी आहे (ती मला मनापासून आवडते), पण जेनसाठी वाचत असाल तर तो भाग खुशाल गाळावा.