बाळाच्या जांघेतल्या गाठीबद्दल, उशिरा शहाणा झालेल्या बापाकडून

ताई, "रडला की जांघेत गाठ येते, झोपला की जाते, वर्षाचा होईपर्यंत थांबलं तर चालेल का?" हा तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. सहा वर्षांपूर्वी आम्हीही हेच विचारत फिरत होतो. मी डॉक्टर नाही, आमच्यावर बेतलं तेवढंच सांगतो.

मुलगा अडीच महिन्यांचा होता. उपनगरातल्या एका ओपीडीत (नाव नको) दोन तास रांगेत बसलो. नंबर लागेपर्यंत पोरगं खांद्यावर गाढ झोपलं आणि गाठ गायब. डॉक्टरांनी लंगोट जरासा सरकवून पाहिला. "पाणी असेल, वर्षभरात जिरेल." झालं! आंघोळीच्या वेळी आवळ्याएवढी दिसायची ती गाठ, पण मोबाईलवर एक फोटो काढून ठेवायचं सुचलं नाही. आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते तिथे.

अंडकोषातलं पाणी बऱ्याचदा जिरतं, बेंबीचा हर्नियाही बहुधा आपोआप भरतो. जांघेतला हर्निया मात्र नाही, आणि आमच्या मुलाची गाठ म्हणजे तोच होता. जन्माआधी बंद व्हायला हवी ती वाट उघडी राहते आणि आतडं खाली उतरतं. त्यामुळे नाणं बांधणं, पट्टा लावणं सगळं फुकट. आमच्या मावशीने दोन्ही सुचवलं होतं.

महिन्याभराने रात्री दोनला गाठ दगडासारखी झाली, वर लाल. रडणं थांबेना. आधी दुधाची उलटी, मग हिरवी. कांदिवलीहून टॅक्सीने परळ गाठलं. गुंगीचं औषध देऊन सर्जननी आतडं हलकेच आत सारलं आणि सूज उतरल्यावर दोन दिवसांनी ऑपरेशन केलं. आतडं वाचलं. पण अडकलेल्या आतड्याने त्या बाजूच्या अंडाचा रक्तपुरवठा दाबला होता, ते आज दुसऱ्यापेक्षा लहान आहे. लहान मुलांत जाळी वगैरे बसवत नाहीत, चिराही छोटा असतो. त्याला घाबरून दिवस काढू नका.

मुंबईत परळच्या वाडिया या मुलांच्या हॉस्पिटलसारख्या ठिकाणी मुलांचेच सर्जन असतात, थेट त्यांना दाखवा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधीच सांगा, भुलीनंतर रात्रभर लक्ष ठेवावं लागू शकतं. ज्यांच्या मुलीला अशी गाठ आहे त्यांनीही थांबू नये, तिथे अंडाशय अडकू शकतं. आणि गाठ आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर दूध पाजू नका, घरी दाबत बसू नका, अपॉइंटमेंटही नको. सरळ इमर्जन्सीत न्या, रात्र असली तरी.