चेहरा न दाखवणाऱ्या मुलीच्या आईस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

यावल तालुक्यातून आलेले आपले पत्र मिळाले. गावाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही; त्याचे कारण ओघात येईल. बारावी विज्ञान शाखेत शिकणारी आपली १७ वर्षांची मुलगी रात्री यूट्यूबवर एका रेखाटलेल्या पात्राच्या रूपात लाइव्ह येते, गेम खेळते आणि मराठीत, मधूनच लेवा गणबोलीत, म्हणजे आपल्या भागातल्या बोलीत, गप्पा मारते. प्रेक्षकांना तिचे खरे नाव ठाऊक नाही. तिला पुढे हेच करायचे आहे. खोटा चेहरा लावून लोकांचे पैसे घेणे ही फसवणूक नव्हे का आणि यात करिअर असते का, असे आपण विचारले आहे.

फसवणूक तेव्हा होते, जेव्हा समोरच्याला माहीत नसते. येथे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत असते की पडद्यावर चित्र आहे आणि त्यामागे कोणीतरी बोलत आहे. भारुडातल्या सोंगासारखेच हे आहे. फरक एवढाच की गावात सोंगाखाली कोण आहे हे सर्वांना माहीत असते आणि येथे ते न विचारणे हा शिष्टाचार मानला जातो. २०१६ च्या अखेरीस जपानमध्ये किझुना आय या पात्राने स्वतःला ‘व्हर्च्युअल यूट्यूबर’ म्हणवून घेतले आणि हा प्रकार जगभर पसरला. २०१९ मध्ये त्याच पात्राला एकाहून अधिक व्यक्तींचे आवाज देण्यात आले, तेव्हा चाहते फार दुखावले. चित्र तेच होते, तरी आपण जिच्याशी बोलत होतो ती ही नव्हे, असे त्यांना वाटले. म्हणजे प्रेक्षक चेहऱ्याशी नव्हे, तर आवाज, स्वभाव आणि रोजच्या संवादातून घडलेल्या व्यक्तीशी नाते जोडतो. आयर्नमाउस ही अशाच रेखाटलेल्या पात्रातून बोलणारी पोर्तो रिकोची कलाकार रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर आजाराने ग्रस्त आहे. तिने चेहरा झाकून ठेवला, पण आजार झाकला नाही. २०२३ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तिला वर्षातील सर्वोत्तम कंटेंट क्रिएटरचा मान मिळाला. आपल्या मुलीने नाव लपवावे, त्यात गैर काही नाही. मात्र खोट्या अडचणी सांगून पैसे मागणे किंवा एखाद्या एकाकी प्रेक्षकाला खोट्या जवळिकीत गुंतवणे, हे तिने कधीही करू नये.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आपली मुलगी तिला वाटते तितकी अनोळखी नाही. तिचे गणबोलीतले बोलणे हेच तिचे वेगळेपण आहे आणि तेच तिचा पत्ताही सांगते. जळगाव जिल्ह्यातला श्रोता दोन वाक्यांत ओळखेल की ही धुळ्याकडची अहिराणी नसून यावल-रावेरकडची बोली आहे. त्यात ‘आमच्याकडे आज केळीची गाडी भरायची होती’, ‘आत्ताच लाइट गेली’, ‘उद्या प्रॅक्टिकल आहे’ अशी सहज बोललेली वाक्ये जोडली, मागून येणारा मंदिराचा भोंगा ऐकला, की चिकाटीच्या माणसाला गाव आणि कॉलेज शोधणे कठीण राहत नाही. बोली सोडू नये, असेच मी म्हणेन. ती सोडली तर तिच्या कार्यक्रमात इतरांहून निराळे काय उरेल? मात्र घडलेली गोष्ट त्याच दिवशी न सांगता आठवड्याने सांगावी, चॅनेलसाठी स्वतंत्र ईमेल ठेवावा, आवाज टिपणारा माइक दार-खिडकी बंद असलेल्या खोलीत लावावा आणि वैयक्तिक संदेशांतून कोणाशीही ओळख वाढवू नये. कोणी धमकावले, तर स्क्रीनशॉट जपून ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पात्राला दिलेली शिवी ही त्यामागच्या माणसालाच लागते, हे २०२२ मध्ये जपानमधील ओसाका जिल्हा न्यायालयानेही मान्य केले आहे.

हे सारे निभावण्यासाठी घरात कोणालातरी सर्व ठाऊक असले पाहिजे. ती प्रेक्षकांसाठी अनोळखी असावी, आपल्यासाठी नसावी. चेहरा दाखवण्याचा आग्रह आपण धरू नये आणि चॅनेल बंद करण्याची धमकीही देऊ नये, कारण मग ती सांगणेच बंद करील आणि संकटात एकटी पडेल. शिवाय उत्पन्न सुरू झाले की निनावीपण तेथे थांबतेच: १८ वर्षांखालील मुलीला जाहिरातींचे पैसे पालकांच्या खात्यामार्फतच घ्यावे लागतात, त्यासाठी खरे नाव लागते आणि गूगलचे पडताळणीचे पत्र घरच्या पत्त्यावर येते.

करिअरबाबत स्पष्ट लिहितो. जपानमध्ये कव्हर आणि एनीकलर या कंपन्यांनी यातून शेअर बाजारात नोंदणी होण्याइतका व्यवसाय उभा केला. भारतात मात्र एनीकलरच्याच ‘निजिसांजी’ या कलाकार-समूहाने २०२० मध्ये सुरू केलेला गट पुढच्याच वर्षी बंद झाला. कंपनीत असलेल्या कलाकाराचे पात्र बहुधा कंपनीच्याच मालकीचे असते. कलाकार बाहेर पडला की नाव, चित्र, जमवलेले चाहते मागे राहतात आणि त्याला नव्या रूपात पुन्हा शून्यातून उभे राहावे लागते. आपण पूर्वी कोण होतो, हे उघड सांगण्याचीही मुभा अनेकदा नसते. स्वतःची ओळख दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रात गुंतवण्याची ही किंमत तिने आधीच समजून घ्यावी. १८ पूर्ण होण्याआधी तिने कोणत्याही करारावर सही करू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. सध्याचे पात्र कोणा चित्रकाराकडून काढून घेतले असेल, तर त्याचे हक्क तिच्या नावे झाल्याचे लेखी आणि सहीनिशी घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला हस्तांतरण तसेच हवे असते.

केवळ या उत्पन्नावर भिस्त ठेवून शिक्षण सोडण्यास माझा ठाम विरोध आहे. मात्र पात्र रेखाटणे, लाइव्ह टू डी सारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला हालचाल देणे, आवाज देणे, ध्वनी आणि प्रसारण सांभाळणे ही कौशल्ये अ‍ॅनिमेशन आणि गेम उद्योगातही चालतात. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी यूसीड परीक्षा आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (एनआयडी) प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. या दोन्ही परीक्षांचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या कितीतरी आधी भरावे लागतात, म्हणून तारखा आजच पाहून घ्याव्यात. चित्रांच्या कामाचा संग्रह तिने आत्तापासून करावा. त्यात या पात्राची तिने स्वतः काढलेली रेखाटने असतील, तर तीही खुशाल ठेवावीत. लाइव्ह येण्याचे दिवस फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून दोनवर आणावेत आणि ते तिने स्वतःच प्रेक्षकांना सांगावे, परीक्षेचे नाव न घेता.

आपला,
करिअर मार्गदर्शक