वाचक विचारतात : राष्ट्रांना बांधणारा कायदा

प्रश्न : आंतरराष्ट्रीय कायदा १६४८ च्या वेस्टफालिया तहापासून सुरू झाला असं वाचलं. त्याआधी काहीच नव्हतं का?

उत्तर : होतं. इजिप्तचा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्तींचा राजा तिसरा हात्तुशिली यांचा इसवी सनपूर्व १२५९ च्या सुमाराचा तह आज वाचायला मिळतो. एकमेकांवर चाल करायची नाही, तिसरा चालून आला तर मदतीला जायचं, पळून आलेल्यांना परत सोपवायचं, अशी त्याची कलमं. साक्षीला दोन्हीकडचे देव होते आणि तह मोडणाऱ्यावर त्यांचा कोप व्हायचा होता.

खरी अडचण पुढची : धर्मावरूनच लढणाऱ्या राजांना कशाने बांधायचं? युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं असताना, १६२५ मध्ये, डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने उत्तर दिलं की हे नियम माणसाच्या विवेकातून येतात, म्हणून धर्म वेगळा असला तरी ते लागू राहतात. आमच्या मते पाया इथे आहे. हे युद्ध संपवणाऱ्या वेस्टफालियाच्या तहांनी जर्मन संस्थानिकांना बाहेरच्यांशी करार करण्याचा हक्क दिला, पण पवित्र रोमन सम्राट आणि साम्राज्याविरुद्ध नाही या अटीवर. समान, सार्वभौम राष्ट्रांचं चित्र त्यानंतर हळूहळू रंगत गेलं. म्हणून १६४८ ही सोयीची खूण समजा, जन्मतारीख नव्हे.

प्रश्न : देशाने करारावर सही केली की तो बांधला जातो ना?

उत्तर : बहुतेकदा नाही, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. आधी अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतर देशाने दिलेली अंतिम मान्यता, झालं आहे का ते पाहा. नुसत्या सहीने एवढंच बंधन येतं की कराराचा हेतूच हाणून पाडायचा नाही. मग करार अमलात आला आहे का ते पाहा : १९८२ चा समुद्र कायद्याचा करार ६० देशांच्या मान्यतेनंतर १२ महिन्यांनी, १६ नोव्हेंबर १९९४ रोजी लागू झाला. शेवटी त्या देशाने एखादं कलम स्वतःपुरतं वगळलं आहे का तेही तपासा.

करारात नसलेला देशही सुटत नाही, कारण रूढी, म्हणजे देशांच्या वागण्यातून घडलेला अलिखित कायदा, उरते. अमेरिका समुद्र करारात नाही, तरी १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनाऱ्यालगतचा देशाच्या हक्काचा पट्टा, तीही मानते. मात्र पुष्कळ देश तसं वागतात एवढ्याने रूढी होत नाही. हे कायद्याने करावंच लागतं, अशी जाणीव त्या वागण्यामागे हवी. पाहुण्या राष्ट्रप्रमुखासाठी लाल गालिचा सगळेच अंथरतात, पण तो शिष्टाचार. नियम घडत असतानाच सातत्याने विरोध नोंदवणारा देश रूढीतून बाहेर राहू शकतो. गुलामगिरी आणि वंशसंहारावरच्या बंदीतून मात्र कोणालाच सूट नाही, आणि ती नसावीच.

प्रश्न : पोलीस नसताना हा कायदा पाळतं कोण?

उत्तर : बराचसा रोज पाळला जातो, कारण तुम्ही त्यांच्या राजदूताला हात लावलात तर तुमचा राजदूत त्यांच्या राजधानीत असतो. वाद मोठा झाला की दुबळेपणा दिसतो. हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १५ न्यायाधीश आहेत, पण दोन्ही देशांची संमती कुठल्या तरी रूपाने असल्याशिवाय ते खटला ऐकू शकत नाहीत. निकाल धुडकावला तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे जाता येतं. १९८६ मध्ये निकाराग्वा अमेरिकेविरुद्ध जिंकून तिथे गेला, तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरला.